लाल लेसवाली पट्टी

हमीदचाचा गेल्याचं मला एका रिक्षावाल्यानं सांगितलं. सकाळची वेळ, दुकानाचं शटर अर्धंच वर गेलेलं, मी वाकून आत शिरत होते. रस्त्यावरून तो ओरडला, "ताई, हमीद मिस्तरी गया! सकायले चहा पिना, आडा पडना, तो उठनाच नही!" मी तशीच वाकलेली राहिले. शटर एका हातानं धरलेलं, दुसऱ्या हातात कुलूप... आणि खरं सांगते, सांगायलाही लाज वाटते, माझ्या मनात पहिल्यांदा चाचा आलेच नाहीत. माझी पट्टी आली. त्यांनी माझी पट्टी मोडली असेल का? माणूस गेला आणि ही बाई पट्टीचा विचार करतेय, असं माझं मलाच वाटलं. मग आत जाऊन खुर्चीवर बसले आणि मनसोक्त रडून घेतलं. पण रडतानासुद्धा तो प्रश्न काही डोक्यातून हलेना.

चाचांना तुम्ही ओळखत नसाल, पण नंदुरबारच्या बाजारात कधी काही घेतलं असेल तर त्यांच्या लाकडाला तुमचा हात लागलेला आहे. काउंटर, रॅक, शोकेस, बांगड्या टांगायचे दांडे, कापडाच्या ताग्यांची घोडी... दुकानात माल जिथं आणि जसा दिसतो, ते सगळं त्यांचं काम. त्यांना कुणी सुतार म्हटलेलं खपत नसे. "मी लाकूडना काम नही करस, मी दुकान करस," असं म्हणायचे आणि ते खरंच होतं. पलंग, दरवाजे, देव्हारे, असलं काम घेऊन कोणी आलं की त्याला सरळ दुसऱ्याचा पत्ता द्यायचे.

त्यांच्या कारखान्यात, म्हणजे पत्र्याच्या एका लांबट खोलीत, एका भिंतीवर नुसते खिळे ठोकलेले होते आणि प्रत्येक खिळ्याला एक सागाची पट्टी टांगलेली. माणसाच्या उंचीहून हातभर जास्त लांब, दोन बोटं रुंद. एक पट्टी म्हणजे एक दुकान. त्या दुकानाची सगळी मापं पेन्सिलीच्या रेघांनी त्या पट्टीवर: मालकाचा हात कुठवर पोचतो, बसलेल्या गिऱ्हाइकाचे डोळे कुठं येतात, म्हाताऱ्या माणसाचा गुडघा कुठं येतो. आकडे कुठंच नाहीत, नुसत्या रेघा. टेपबद्दल त्यांचं मत असं की तो प्लायवूड कापायला ठीक, माणसं मोजायला नाही. नावंही लिहिलेली नसत. बांगडीवाल्याच्या पट्टीला बांगडी बांधलेली, शिंप्याच्या पट्टीला बटण, भांडीवाल्याच्या पट्टीला कपाचा तुटका कान. माझ्या पट्टीला बुटाची लाल लेस.

आणि दुकान हातातून सुटलं की पट्टी मोडायची, हा त्यांचा नेम. मी डोळ्यांनी पाहिलंय. एका कटलरीवाल्यानं चाचांचे रॅक काढून टाकले, दुसरीकडून लोखंडी आणून बसवले आणि वर यांना सांगितलं की मी धंदाच बंद करतोय. चाचा उठले. खिळ्यावरून त्याची पट्टी काढली, गुडघ्यावर ठेवून कडकन मोडली आणि चहाच्या चुलीत सारली. "गयं," म्हणाले. "आते ते दुकान मन्हा डोकामा नही." मी तेव्हा तिथंच स्टुलावर बसलेले. त्याच पट्टीवर उकळलेला चहा मी प्यायले, आणि तो चांगला झाला होता हेही मला आठवतं.

माझं चपलांचं दुकान सुरू झालं तेव्हा माझ्या सासरी, रनाळ्याला, मोठं रामायण झालं होतं. शेतीवाडी असलेलं घर, आमचे हे शाळेत मास्तर, आणि सून म्हणते चपला विकते. सासरे ओट्यावर बसून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "पाटीलनी सून लोकेसना पायले हात लावी?" मीही काही कमी नव्हते. म्हटलं, "मामा, पायाच पडत आले इतकी वर्षं, आता निदान माप तरी घेईन." ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एके दिवशी स्वतःच दुकानात येऊन त्यांनी पायात चप्पल घालून पाहिली. पण ते नंतर. आधी नुसता गाळा होता, चार भिंती आणि जमिनीवर खोक्यांचे ढीग. कोणीतरी म्हणालं, हमीद मिस्तरीला बोलवा.

ते आले, सलाम केला आणि दारात स्टूल टाकून बसले. मला वाटलं आता माप घेतील, कागद काढतील. कसलं काय! पहिला दिवस नुसते बसून. दुसरा दिवस नुसते बसून. विडी नाही, गप्पा नाहीत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांकडे टक लावून बघणं. मी यांना घरी सांगितलं की म्हाताऱ्याला बहुतेक काही येत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाचा उठले, पायरीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "ताई, हाई दुकान शे का मंदिर?" मी पाहिलं, तर पायरीवर चपलांची रांग. खेड्यावरून आलेली सगळी माणसं सवयीनं चपला बाहेर काढून आत येत होती. चपलांच्या दुकानात अनवाणी! आणि आत आल्यावर नवी चप्पल घालून बघायला संकोचत होती, कारण धुळीचे पाय आणि नवा माल. दोन दिवसांत माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं. मी आपली गल्ल्यावर बसून लोक वस्तू बघून का परत जातात याचं नवल करत होते.

"त्यासले पहिले बसाले जागा पाह्यजे," चाचा म्हणाले. "दारजवयच. बठना म्हंजे मानूस पाय पुसस, पाय पुसा म्हंजे चप्पल घालस." झालं, सगळं दुकान त्या एका बाकड्यापासून उभं राहिलं. दाराजवळ बुटकं बाकडं, खाली काथ्याचं पायपुसणं, समोर जमिनीपासून वर येणारा, किंचित मागं कललेला आरसा, आणि मग माल.

पण लाकूड कापायच्या आधी त्यांची आणखी एक रीत होती. काउंटर आणि रॅक जिथं येणार तिथं पोती रचायची, तेवढ्याच उंचीची, तेवढ्याच रुंदीची, आणि तीन दिवस दुकान तसंच चालवायचं. कुठं अडखळायला होतं, कुठं कोपर लागतं, ते पोत्यांवर कळतं, लाकडावर कळलं की उशीर झालेला असतो, असं त्यांचं म्हणणं. आता पोती आणायची कुठून? मोसम मिरचीचा. शेजारच्या व्यापाऱ्याच्या गोदामात लाल मिरचीच्या पोत्यांची थप्पी. चाचांनी ती उचलून आणली आणि माझं दुकान मांडलं. आम्हा दोघांना काही म्हणजे काही जाणवलं नाही. मोसमात सगळ्या गावाच्याच हवेत मिरची असते, आमची नाकं केव्हाची मेलेली. पण डोंगराकडची गिऱ्हाइकं आली आणि जे शिंकायला लागली! एक शिंकला की दुसरा, दुसरा की तिसरा. एका बाईनं पदरानं डोळे पुसत पुसत तीन जोड घेतले, पोरींसाठी. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत मयत झालंय. चाचा स्टुलावर बसून आधी गोंधळले आणि मग असे हसले, असे हसले की त्यांची टोपी पडली. "ताई, इतला रडीसन कोनी चपला इकत लेस का?" दुसऱ्या दिवशी सरकीची पोती आली. पण त्या शिंकणाऱ्या दिवशी विक्री सगळ्यात जास्त झाली होती, हे मी त्यांना आयुष्यभर ऐकवलं.

मग पट्टी. भिंतीला पट्टी उभी केली आणि मला म्हणाले, हात वर करा. मी केला. माणसाचा स्वभाव बघा, मला वाटलं आपण जरा उंच दिसावं, रॅक उंच झाला की माल जास्त मावेल. मी हळूच टाचा उचलल्या. चाचांनी पेन्सिलीनं माझ्या टाचेवर टकटक केलं. "टाच खाले, ताई. जितला हात सहज जाई तितलाच. दिवसम्हा शंभरदा वर करना शे तो." मी टाच खाली टेकवली आणि त्यांनी रेघ मारली. मग माझं कोपर, मग माझी नजर. मग त्यांनी रस्त्यावरून भाजी विकून परत चाललेल्या एका आजीला हाक मारून आत बसवलं आणि तिच्या गुडघ्याची रेघ मारली. आजी म्हणाली, हे काय चाललंय? चाचा म्हणाले, तुझ्यासाठी बाकडं करतोय. ती खूश. पुढं ती खरोखर दर बाजाराला येऊन त्या बाकड्यावर पाच मिनिटं टेकून जायची, काही घ्यायचं नसलं तरी. मीही तिला उठवलं नाही.

सामान जमवणं हा तर निराळाच सोहळा होता. रॅकला फळ्या नाहीतच म्हणाले, बांबूच्या पट्ट्या हव्यात, मध्ये फट ठेवून. चपलेला वारा लागला पाहिजे आणि धूळ खाली पडली पाहिजे. त्यासाठी आम्ही दोघं पॅसेंजरनं खांडबाऱ्याला गेलो. चाचांच्या खांद्यावर ती लांबलचक पट्टी, टोकाला माझी लाल लेस लोंबतेय. डब्यात एकानं विचारलं, चाचा, ही काठी कशाला? चाचा म्हणाले, "काठी नही भो, हाई ताईनं दुकान शे." सगळा डबा माझ्याकडे बघायला लागला. खांडबाऱ्याला बांबूचं काम करणाऱ्या एका घरी गेलो, तर तो माणूस म्हणाला की टोपल्या मागा, सूप मागा, चपलांना बांबू देणार नाही, हे पोटाचं साधन आहे. चाचांनी वाद घातला नाही. त्याच्या अंगणात बसले, त्याच्या बायकोच्या पायाकडे बघितलं. तिची चप्पल तारेनं शिवलेली. तिला माझ्या दुकानातली जोडी देईन, असं त्यांनी मला न विचारताच कबूल केलं! तो माणूस हसला आणि त्यानं ज्या पट्ट्या सोलून दिल्या त्या इतक्या गुळगुळीत की हात फिरवत राहावं. आरशासाठी सुरतेला ते एकटेच गेले. जुन्या कपाटाचा जाड बिलोरी आरसा घेऊन आले, मांडीवर धरून, खच्चून भरलेल्या गाडीत. नवीन का नाही आणला म्हटलं तर म्हणाले, नव्या आरशात पाय बारीक दिसतात. खरं-खोटं देव जाणे, पण त्या आरशासमोर बायका पाय पुढं करून बसायच्या आणि एकमेकींना दाखवून हसायच्या. आमच्या सासऱ्यांनीही त्याच आरशात पाय बघितला, दोनदा, आणि म्हणाले, "चप्पल बरी शे." एवढ्यावर रामायण संपलं.

असं दुकान पंधरा-सोळा वर्षं चाललं. चाचा दर थोड्या दिवसांनी येऊन बसायचे. एखादी बांबूची पट्टी सैल झाली असेल तर ठोकायचे. ईदला शीरखुर्म्याचा डबा यायचा, दिवाळीला माझ्याकडून फराळ जायचा. मग मी माती खाल्ली.

अडीच वर्षांपूर्वी एक एजंट आला. हातात गुळगुळीत कॅटलॉग, त्यात पांढरे चकचकीत रॅक, प्रत्येक खणात दिवे, काचेचा काउंटर. शहरात सगळीकडं हेच आहे मॅडम, म्हणाला. मॅडम म्हणाला आणि मी पाघळले, दुसरं काय! यांनीही मान डोलावली, काळाप्रमाणं चाललं पाहिजे म्हणून. त्यांना दोष देत नाही, माझ्याच मनात होतं. शेजारच्या मोबाइलवाल्याचं दुकान झगमगायचं आणि माझं बांबूचं दुकान मला एकदम गावंढळ दिसायला लागलं होतं. पण वाईट काय केलं, तर चाचांना सांगितलं नाही. चाचा मालेगावला लेकीकडे लग्नाला गेले होते. ते आठवडाभर नाहीत हे मला ठाऊक होतं. त्याच आठवड्यात मी ते काम उरकून घेतलं. बांबूचे रॅक गच्चीवर, बाकडं जिन्याखाली, आरसा पोत्यात गुंडाळून माळ्यावर. समोरासमोर सांगायची हिंमत नव्हती म्हणून चोरासारखं केलं. कटलरीवाल्यानं निदान खोटं तरी तोंडावर सांगितलं होतं.

चाचा परत आले, दुकानावरून जाताना थबकले, आत आले. मी गल्ल्यावर. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालेलं. त्यांनी पांढऱ्या फळीवरून नखं फिरवली. दिव्याकडं बघितलं. "चांगलं शे," म्हणाले. "उजाये भलता शे." मग इकडंतिकडं बघून एवढंच विचारलं, "बाकडं?" मी म्हटलं, जागा कमी पडते चाचा... ते हूं म्हणाले आणि निघून गेले. रागावले असते तर मी पाय तरी धरले असते. पण ते रागावलेच नाहीत. पुढच्या ईदला डबा आला. मी फराळ पाठवला. दुकानाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मी काढला नाही. त्या भिंतीवर माझी लाल लेस आहे की चुलीत गेली, हे मला कळेना. कारखान्यात जाऊन बघायचं धाडस होईना. दोनदा कोपऱ्यापर्यंत गेले आणि भाजी घ्यायला आल्यासारखं करून परत फिरले.

आणि दुकानाचं काय झालं म्हणता? व्हायचं तेच. उन्हाळ्यात चपलांचे प्लास्टिकचे सोल त्या पांढऱ्या फळ्यांना चिकटायला लागले, उचलल्या की पिवळे डाग. पावलांचे डाग! सगळ्या दुकानभर जणू कोणी भिंतीवरून चालत गेलंय. घासून घासून माझे हात सोलले. खेड्यावरच्या बायका पायरीवर उभ्या राहायच्या, काच बघायच्या, दिवे बघायच्या आणि पुढं जायच्या. भाजीवाली आजी एकदा आली, बाकड्याच्या जागी बघितलं आणि उभ्याउभ्याच परत गेली. भरीत भर, माझा उजवा खांदा आखडला. कॅटलॉगमधले रॅक कोणा उंच माणसासाठी केलेले, वरच्या खणातली चप्पल काढायला मी टाचा उचलून, ओठ चावून हात वर न्यायची आणि डोळ्यांत पाणी यायचं. गिऱ्हाइकाला वाटायचं, बाईला राग आलाय. कुणाला सांगणार? हौस माझी होती.

जायच्या महिनाभर आधी चाचा शेवटचे आले. आता हातात काठी होती. मी प्लास्टिकचं स्टूल दिलं. ते दारात बसले, अगदी पहिल्या दोन दिवसांसारखे, आणि दोन तास नुसते बघत राहिले. त्या दोन तासांत मी कितीदा तरी टाचा उचलल्या, कितीदा ओठ चावला. मनात म्हणत होते, बघा, बघा माझे हाल, तुम्हाला बघायचेच असतील ना... असा घाणेरडा विचार केला मी. जाताना त्यांनी माझ्या खांद्याकडं काठीनं खूण केली. "डाक्टरले दखाडं का?" दाखवलं म्हटलं. "बरं," म्हणाले आणि हळूहळू रस्ता ओलांडून गेले. माझ्या तोंडावर आलं होतं, चाचा, चुकलं माझं. पण समोर गिऱ्हाईक होतं. आता वाटतं, गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात, म्हणायला हवं होतं.

ते गेल्यावर दहा-बारा दिवसांनी त्यांच्या मुलाचा, अस्लमचा, फोन आला. तोही हेच काम करतो. "ताई, अब्बांच्या पट्ट्या ज्याच्या त्याला देतोय. सगळे येऊन घेऊन चाललेत. तुम्ही कधी येता?" मी येते म्हटलं आणि गेले नाही. तीन आठवडे गेले नाही. रोज वेगळं कारण. यांनी शेवटी विचारलं, "एवढं काय आहे त्या लाकडात?" मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं. मग माझं मलाच कळलं की जोपर्यंत मी जात नाही, तोपर्यंत ती पट्टी मोडलेली नाही. एवढ्यासाठीच मी थांबले होते. परवा मात्र हिय्या केला आणि भर दुपारी गेले.

भिंत जवळजवळ रिकामी झालेली. खिळेच खिळे. पाच-सहा पट्ट्या राहिल्या होत्या, एकीला बटण, एकीला बांगडी... माझा खिळा मला पाठ होता, खिडकीच्या डाव्या हाताला तिसरा. तो रिकामा. मी सगळ्या पट्ट्यांवरून पुन्हा एकदा नजर फिरवली. लाल काही दिसेना. कोपऱ्यात चूल होती, थंड, राखेनं भरलेली. मी त्या राखेकडं बघत उभी राहिले. म्हटलं, बरोबर आहे. कुणाची काही चूक नाही, जे करायचं तेच त्यांनी केलं. पदर तोंडाला लावला आणि अस्लमला म्हटलं, येते रे मी.

"पट्टी नाही नेणार?" तो म्हणाला.

"असेल तर नेईन ना..."

"इथं नाही ती," तो म्हणाला. मग म्हणाला, "ती टेबलावर आहे. अब्बांच्या हातातली शेवटची तीच. मी हलवलीच नाही."

रंध्याच्या टेबलावर, भुशात, माझी पट्टी आडवी पडली होती. लेसचा लाल रंग उडून विटकरी झालेला. मी ती उचलली आणि खिडकीपाशी नेली. जुन्या रेघा काळ्या, पुसट. आणि त्यांच्या शेजारी नव्या, निळ्या पेन्सिलीच्या. माझ्या हाताची जी सगळ्यात वरची रेघ होती, ती खोडलेली होती आणि तिच्या चार बोटं खाली नवी रेघ मारलेली. बाकड्याची रेघ दोन बोटं वर सरकवलेली. मला क्षणभर कळेना. अस्लमनं सांगितलं, "तुमच्याकडून आले ना त्या दिवशी, तेव्हा लगेच काम काढलं. म्हणाले, ताईचा खांदा गेला, हात आता एवढाच जातो. आणि तिची गिऱ्हाइकं म्हातारी झाली, त्यांना खालून उठवत नाही, बाकडं वर घे." त्यानं निळ्या रेघेवर बोट ठेवलं. "मी म्हटलं, अब्बा, ताईंनी ऑर्डर दिली का? तर म्हणाले... 'येई ती. जवय येई तवय पट्टी तयार पाह्यजे.'"

मी त्या भुशात खाली बसले. अस्लम घाबरला, पाणी आणायला धावला. त्याला कसं सांगू की मला काही झालेलं नाही, उलट अडीच वर्षांनी नीट श्वास घेतेय. मी ज्यांना दोन तास मनात शिव्या घातल्या, ते त्या दोन तासांत माझं माप घेत होते! मी रडत होते आणि हसतही होते, नाक गळत होतं. अस्लम पाण्याचा तांब्या घेऊन उभा. मी म्हटलं, "अरे, मिरचीची पोती तर नाही ना ठेवलीस इथं?" त्याला ती गोष्ट ठाऊक होती. तोही हसला. मग मी त्याला म्हटलं, ऑर्डर लिहून घे.

कालपासून दुकानात सरकीची पोती रचलेली आहेत. पांढरे रॅक अस्लमनं उतरवले, बांबूच्या पट्ट्या गच्चीवरून खाली आल्या, चार-दोन सोडल्या तर सगळ्या धड आहेत. आरसा पुसून जागेवर उभा केलाय. तीन दिवस पोत्यांवर धंदा करायचा, मगच लाकूड कापायचं, असं अस्लम बजावून गेला. बापाचा मुलगा शोभतो. आज बाजाराचा दिवस. भाजीवाली आजी येईल का ठाऊक नाही, पण मी पायपुसणं टाकून ठेवलंय.

पट्टी मी शटरच्या आतल्या बाजूला भिंतीला उभी केली आहे. सकाळी आल्यावर दुकानात कोणी नव्हतं. पायातली चप्पल काढून मी तिच्यासमोर उभी राहिले आणि उजवा हात वर नेला, हळूहळू, सवयीनं ओठ चावून, सवयीनं टाचा उचलून. मग आठवलं, आणि टाचा खाली टेकवल्या. बोटं निळ्या रेघेला लागली. खांदा दुखला नाही.